अर्धं सांगितलेलं खानदान

अप्पांच्या घरून कुत्र्याचं पिल्लू न्यायचं म्हणजे आधी त्याचं खानदान ऐकून घ्यावं लागे. त्यातून कुणाची सुटका नव्हती. मोटारीतून आलेला असो की पायी आलेला, अप्पा त्याला पुढच्या खोलीतल्या बाकावर बसवत, पाणी देत आणि सुरू होत. दाराआड पिल्लू कुईकुई करे, आलेली पोरं चुळबुळ करत, त्यांच्या आया घड्याळाकडे बघत; अप्पा ढिम्म. ‘अहो, मुलगी द्यायची असती तरी इतकं बोलला नसतात,’ असं एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते. त्यावर अप्पा म्हणाले, ‘मुलगी परत येऊन सांगू तरी शकते.’

‘हे दिसायला खेळणं आहे,’ अप्पा म्हणत, ‘पण खेळणं नाही. टेरियर ह्या नावातच माती आहे. टेरा म्हणजे माती, आणि जमिनीखाली शिरतो तो टेरियर. ह्याचे आजे-पणजे धान्याच्या कोठारांत, खाणींत, पिठाच्या गिरण्यांत उंदीर मारून पोट भरायचे. गादीवर शोभावेत म्हणून ह्यांना कुणी लहान ठेवलेलं नाही. बिळात मावावेत म्हणून ठेवलंय.’ मग ते घरातल्या एखाद्या थोराड कुत्र्याला उचलून त्याच्या छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घालून दाखवत. अंगठ्याला अंगठा आणि बोटाला बोट टेकलं पाहिजे; त्याहून छाती भरली तर गडी बिळात अडकून मरायचा. आणि शेपूट एवढी दणकट कशाला? तर अडकलाच, तर बाहेरून धरून ओढता यावा म्हणून. इथे पोरं खिदळत. अप्पांनाही ते आवडे.

मग यायचा स्वभाव. ‘बिळात अंधार. मालक वर, हा खाली. हाक ऐकू यायची नाही. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे ह्याचं ह्यानंच ठरवायचं. मागे फिरणाऱ्यांची पैदास माणसांनी पुढे चालवली नाही. तेव्हा हा तुमचं ऐकेल, पण आधी स्वतःच्या मनाला विचारून. मार खाल्ला तरी ओरडणार नाही. तुमच्या पोरांवर जीव टाकेल.’ आणि शेवटी, न हसता: ‘घरात लहान, केसाळ, पळणारं काही असेल, ससा, पांढरा उंदीर, काहीही, तर नेऊ नका. आज नाही तर उद्या हा त्याला मारणार. त्यात दुष्टावा नाही. माणसांनी ह्याला त्याच कामासाठी घडवलाय, आणि त्याला कुणी अजून काम थांबल्याचं कळवलेलं नाही.’

इथे काही जण उठून जात. अप्पा त्यांना मोठ्या आनंदाने फाटकापर्यंत पोचवायला जात.

सूनबाईने हे सगळं इतक्यांदा ऐकलं होतं, की मागच्या ओट्यावर कुत्र्यांची ताटं-भांडी विसळता विसळता ती पुढचं वाक्य आधीच मनात म्हणून टाकी. नवरा पुलांच्या कामावर कायम बाहेरगावी. घरात ती, सासरे आणि अप्पांच्या भाषेत ‘मंडळी’, म्हणजे कुत्री. मंडळींचं खाणंपिणं, आंघोळी, नखं, राठ झालेले मेलेले केस बोटांनी उपटून काढणं, बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. बोलण्याचं खातं तेवढं अप्पांकडे.

बटण हे एका वेताचं शेवटचं पिल्लू. आईने त्याला जवळ घेतलं नाही. सूनबाईने त्याला ड्रॉपरने दूध पाजलं, तो तिच्या लोकरीच्या टोपलीत झोपला, आणि वाढला तोच मुळी तिच्या पायांत घुटमळत. डोळे काळेभोर बटणांसारखे. एक कान ताठ, दुसरा मात्र कायम पडलेला, जणू अर्ध्या गोष्टी त्याला ऐकायच्याच नव्हत्या. त्या कानामुळे म्हणा, अप्पांच्या बोलण्यामुळे म्हणा, त्याची भावंडं एकेक करून गेली आणि बटण राहिला. अप्पा म्हणाले, ‘गोदामवाले मागतायत. देऊन टाकू. काम करेल, खाईल, मजेत राहील.’

सूनबाईने ते गोदाम बघितलेलं होतं. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांच्या फटींतून फिरणारी, धुळीने माखलेली कुत्री. ह्याला मी ड्रॉपरने दूध पाजलं ते ह्यासाठी? तिला त्याच्यासाठी घर हवं होतं, गादी हवी होती, लाड करणारं एखादं पोर हवं होतं. अप्पा ज्याला खानदान म्हणत, त्याच्या अगदी उलटं तिला सगळं हवं होतं, आणि तेव्हा तिला ते मायेचंच लक्षण वाटलं.

तेवढ्यात अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाही, कुत्र्यांत जायचं नाही, आलेल्या-गेलेल्यांशी बडबड करायची नाही. ही शेवटची अट डॉक्टरांनी घातली होती की सूनबाईने, ह्याबद्दल अप्पांना शेवटपर्यंत संशय होता. आणि नेमकं तेव्हाच चष्मेवाल्याने पिल्लू मागितलं. अप्पांचे चष्मे आयुष्यभर त्याच्याकडेच झाले होते. त्याच्या मुलीला कुत्रं हवं होतं.

‘जाऊन घर बघून ये,’ अप्पा पडल्या पडल्या म्हणाले. घर बघितल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, हाही त्यांचा नियमच. ‘कुंपणातली भोकं बघ. फाटकाखालची फट बघ. दुसरं जनावर आहे का बघ. आता माझे डोळे तूच.’

चष्मेवाल्याचं दुकान खाली, बिऱ्हाड वर, आणि मागे भिंतींनी बंद असं छोटंसं परसू. बायको दूरच्या गावी नोकरीला, सुट्टीला यायची. माणूस एवढा नीटनेटका, की काचा घासायच्या चाकाभोवती उडणारा पांढरा चिखलसुद्धा दर वेळी पुसून घेई. मुलगी चौथीतली, दोन वेण्या, समोरचे दात नुकते आलेले. सूनबाईला बघताच तिने ‘मावशी’ म्हणून जो हात धरला तो सोडलाच नाही. तिने बटणसाठी आपल्या पलंगाशेजारी आधीच एक उशी मांडून ठेवली होती. उशीला खोळ नवी होती. सूनबाईला वाटलं, झालं, देवानेच घर दाखवलं.

मग मुलीने तिला परसात नेलं. भिंत पक्की, फाटक नाहीच, एकही भोक नाही. आणि कोपऱ्यात, मातीच्या वाफ्यावर, लाकडी चौकटीचं जाळीचं खुराडं. त्यात पांढराशुभ्र ससा बसून नाक हलवत होता.

‘हा खडू,’ मुलगी म्हणाली. ‘हा माझा आहे. मी ह्याला अगदी एवढासा होता तेव्हापासून सांभाळलाय.’

सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली नाही. तिला सगळं लख्खच दिसलं. तिथूनच मागे फिरायचं होतं. ‘नाही गं बाळा, जमणार नाही,’ एवढं एक वाक्य. पण डोळ्यांसमोर एकदा ती नवी खोळ घातलेली उशी आली आणि एकदा ते पत्र्याचं छप्पर. तिने खुराड्याच्या दाराची कडी वर-खाली करून बघितली, आणि हसून म्हणाली, ‘किती गोड आहे! ह्याचं दार मात्र लावत जा हं आठवणीने.’

‘लावते, मावशी.’

घरी अप्पांनी विचारलं, ‘दुसरं जनावर?’

‘नाही.’

‘नक्की?’

‘मी बघितलं ना, अप्पा.’

अप्पा समाधानाने कुशीवर वळले.

बापलेक पिल्लू न्यायला आले तेव्हा पुढच्या खोलीत बाकासमोर सूनबाई बसली. तिने माती सांगितली, खाणी आणि गिरण्या सांगितल्या, शेपटीचं सांगितलं. मुलगी खिदळली. ‘तुमच्यावर जीव टाकेल,’ इथपर्यंत ती आली आणि थांबली. पुढचं तिने गिळलं. आतल्या खोलीत अप्पांचा रेडिओ लागला होता, नाहीतर त्यांनी तिथून ओरडून ते वाक्य पुरं केलं असतं. मुलगी बटणला छातीशी धरून निघाली, तो ताठ कान तिच्या हनुवटीखाली, आणि सूनबाई फाटकाशी उभी राहून डोळे पुसत होती. स्वतःच्या चांगुलपणाचं तिला तेव्हा भरून आलं होतं, हे सांगितलंच पाहिजे.

पुढे काही दिवस फोन वाजला की सशाचीच बातमी असणार म्हणून ती धसकायची. पण मुलगी फोनवर सांगे ते सगळं गोडच: बटण चाकाच्या आवाजाला घाबरत नाही, बटणने पोस्टमनची पिशवी पकडली, बटण खुराड्यासमोर बसून खडूकडे तासन् तास बघत बसतो, त्यांची मैत्री झाली आहे. ‘मैत्री’ ऐकून सूनबाईला कळलं, तो कशाची वाट बघतोय ते. तरी ती म्हणाली, ‘वा!’ मग हळूहळू ती भीतीही सरावाची झाली. बघत बसतो तर बसू दे. दिवस जात होते, आणि जाणारा प्रत्येक दिवस तिला आपल्या बाजूने साक्ष देतोय असं वाटू लागलं.

त्या सकाळी फोन आला तो चष्मेवाल्याचा.

‘ताई, कुत्रं तुम्ही परत घेऊन जाल का?’ त्याचा आवाज पडलेला होता. ‘त्यानं ससा मारला. काल दुपारी. मी दुकानात होतो, पोरगी शाळेत. मागे गेलो तर हा खुराड्यात, सशाजवळ शांत बसलेला. मी दार ओढून ह्याला बाहेर काढलं. कडी लावलेली होती की नव्हती, घाईत माझ्या लक्षातच नाही आलं. पण उघडीच राहिली असणार. सकाळी पाला घालायला तीच गेली होती.’ तो थांबला. ‘तुम्ही तिला बजावलं होतंत दार लावायला. चूक आमचीच आहे. कालपासून ती जेवली नाही. एकच धोशा, मी खडूला मारलं.’

सूनबाईला ह्यावर बोलायला खूप जागा होती. ती म्हणाली, ‘मी येते न्यायला.’

अप्पांची पट्टी निघाली होती, कान तर आधीपासूनच तिखट. ‘ससा?’ ते खुर्चीतून अर्धे उठले. ‘त्यांच्याकडे ससा कुठून आला? तू बघितलंस तेव्हा नव्हता ना?’

सूनबाईने मान हलवली. ती मान नक्की कुठल्या दिशेला हलली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

‘म्हणजे लपवला! आपण येणार कळल्यावर शेजारी नेऊन ठेवला असेल. इतकी वर्षं त्याच्या हातचा चष्मा नाकावर ठेवतोय मी. थांब, फोन लाव त्याला. सगळ्या पैदासवाल्यांना सांगतो, ह्या माणसाला पिल्लू म्हणून द्यायचं नाही.’

‘मी आधी जाऊन येते, अप्पा. मग बोला.’

‘त्या पोरीलाही खोटं शिकवलं असणार,’ अप्पा म्हणाले.

सूनबाई टोपली घेऊन बाहेर पडली. रस्त्यात तिला स्वतःची शिसारी आली ती एका वेगळ्याच गोष्टीची. बटण परत येणार म्हणून तिच्या आत कुठेतरी आनंद झाला होता. टोपलीत जुनं पांघरूण घालताना ते तिने अंथरलंही होतं नीट, चारी कोपरे दाबून. इकडे बाप माफी मागतोय, तिकडे सासरे त्याच बापाला खोटारडा ठरवतायत, एक पोर उपाशी आहे, आणि जिने हे सगळं केलं तिच्याकडे कुणाचं बोटसुद्धा नाही. उलट तिला तिचं लाडकं परत मिळतंय. गप्प बसलं की झालं. एवढं सोपं काम तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

दुकानात चाक बंद होतं. मुलगी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली स्टुलावर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षा झाल्यासारखी. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ह्या वेळी कुणी मावशीचा हात धरला नाही.

‘बटण वर बांधलाय,’ चष्मेवाला म्हणाला. ‘आणतो. बसा ताई, पाणी देतो.’

‘नको. मी जरा मागे बघते,’ सूनबाई म्हणाली. का म्हणाली ते तिला कळत होतं, आणि कळत नसतं तर बरं झालं असतं.

परसात सगळं धुऊन काढलेलं होतं. खुराड्याचं दार सताड उघडं, कडी लोंबत. त्या कडीकडे घरातल्या दोघांनी कालपासून किती वेळा बघितलं असेल! सूनबाईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती खुराड्याच्या मागे गेली, भिंतीच्या बाजूला, जिथे कुणी जात नव्हतं. तिथे एका मोठ्या कुंडीतली वेल पसरली होती. तिने कुंडी ओढून बाजूला केली. मागे माती पंख्यासारखी उडालेली होती, आणि खुराड्याच्या तळाच्या फळीखाली एक बोगदा. गोल, स्वच्छ, एकाच दमात खणलेला नव्हे. रोज थोडा थोडा, कुणी बघत नसताना. आतल्या बाजूची जाळी वर दुमडली होती. सूनबाईने गुडघे टेकले आणि बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही हातांचा वेढा धरला. अंगठ्याला अंगठा, बोटाला बोट. बरोब्बर तेवढाच.

दार लावलेलं असो की उघडं असो, त्याने काही फरक पडला नव्हता. टेरियर दारातून कशाला जाईल?

तिने कुंडी परत जागेवर सरकवली. हे तिच्या हातांनी केलं, मेंदूला न विचारता. उडालेली मातीही चपलेने थोडी सारली. मग ती उभी राहिली आणि वळली, तर मुलगी दारात.

तिने काही बघितलं नव्हतं. ती आपलं पाठ केलेलं बोलायला आली होती.

‘मावशी, सॉरी. तुम्ही सांगितलं होतं दार लावत जा. मी रोज लावायचे. खरंच. काल पण मला वाटतंय मी लावलं. पण बाबा म्हणतात उघडंच राहिलं असणार, नाहीतर तो आत कसा जाईल?’ तिने ओठ नव्या दातांखाली दाबून धरला. ‘बटणला मारू नका. त्याची चूक नाहीये. माझी आहे.’

कुणी थोबाडीत दिली असती तर सूनबाई सावरली असती. ही पोर तिच्याकडे, तिच्याकडे!, माफी मागत होती. जे वाक्य तिने हसत हसत, स्वतःच्या अंगाला काही लागू नये म्हणून टाकून दिलं होतं, ते ह्या पोरीने उचलून जपून ठेवलं होतं, रोज पाळलं होतं, आणि आज त्याच वाक्याने स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं. आता ही मोठी होईल, हिचं लग्न होईल, हिला पोरं होतील, आणि कुठेही दाराची कडी दिसली की हिला ससा आठवेल.

‘इकडे ये,’ सूनबाई म्हणाली. तिने कुंडी पुन्हा ओढली. ‘वाक. बघ.’

मुलगी वाकली.

‘हे भोक बटणने केलंय. तो इथून आत गेला. दारातून नाही गेला. तू दार लावलं होतंस की नाही, त्याचा काही संबंध नाही. कुलूप घातलं असतंस तरी तो आत गेला असता.’

मुलगी बोगद्याकडे बघत राहिली. मग तिने त्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि काढला. तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं वगैरे नाही. ती फक्त हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखी बघत होती.

तेवढ्यात चष्मेवाला बटणला टोपलीत घालून मागे आला. त्याने भोक बघितलं, नाकावरचा चष्मा सारखा केला, परत बघितलं. ‘म्हणजे पोरगी खरं सांगत होती,’ तो हळूच म्हणाला. मग त्याचा जीव भांड्यात पडला. ‘बघ! तुझी चूक नव्हती! ताई, तुम्ही होतात म्हणून कळलं हो. आमच्या बापजन्मी ध्यानात आलं नसतं. फार उपकार झाले.’

इथे थांबता आलं असतं. पोर सुटली, बाप खूश, वर उपकारसुद्धा झाले. अप्पांना ‘नंतर आणला असेल ससा, जाऊ द्या’ म्हणून गुंडाळता आलं असतं. सूनबाईने टोपलीतल्या बटणकडे बघितलं. तो तिला ओळखून शेपूट टोपलीवर बडवत होता, त्याला कशाचंच काही नव्हतं.

‘उपकार म्हणू नका,’ ती म्हणाली. ‘हे असं होणार हे मला माहीत होतं.’

‘म्हणजे?’

‘अप्पा सगळ्यांना सांगतात. ससा असलेल्या घरी हे कुत्रं द्यायचं नाही. तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी ते सांगितलं नाही. आणि अप्पांना सांगितलं, तुमच्याकडे दुसरं जनावरच नाही. बटणला कुणी नेत नव्हतं, तो गोदामात गेला असता. मला ते बघवत नव्हतं.’ तिने चष्मेवाल्याकडे बघितलं. ‘मी तुमच्याशी वाईट वागले, दादा. अप्पा तुम्हालाच खोटारडे समजतायत आत्ता, माझ्यामुळे.’

चष्मेवाल्याने टोपली खाली ठेवली. तो हातरुमालाने एक एक बोट पुसत राहिला.

बोलली ती मुलगी. ‘तुम्ही खडूला बघितलं होतंत.’

‘हो.’

‘गोड आहे म्हणालात.’

‘हो गं.’

‘बटण त्याला मारणार, हे माहीत होतं?’

‘आज ना उद्या. हो.’

मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. ‘दार लावून उपयोग नाही, हेपण माहीत होतं?’

‘हो.’

‘मग मला का सांगितलंत, दार लावत जा म्हणून?’

एवढा एकच प्रश्न सूनबाईने स्वतःला कधी विचारला नव्हता. बाकी सगळ्याची उत्तरं तिच्याकडे होती: माया होती, गोदाम होतं, पडका कान होता. ह्याचं उत्तरही होतं, पण ते तिने आतापर्यंत बाहेर काढून बघितलं नव्हतं.

‘काही झालंच,’ ती म्हणाली, ‘तर मी सांगितलं होतं, असं मला म्हणता यावं म्हणून.’

‘म्हणजे माझं नाव यावं म्हणून.’

‘हो,’ सूनबाई म्हणाली.

मुलगी रडेल असं तिला वाटलं. निदान ओरडेल. तिने तशी तयारीही केली, खांदे आवळून. पण मुलगी टोपलीपाशी गेली, खाली बसली आणि तिने झाकणाचा बंद सोडला. कालपासून तिने ज्याला हात लावला नव्हता त्या बटणला तिने बाहेर काढलं, अवघडून, अंगापासून जरा लांब धरून, आणि जमिनीवर ठेवलं. त्याच्या गळपट्ट्यात तिने दोन बोटं घट्ट अडकवली.

‘हा नाही जाणार,’ ती बापाला म्हणाली.

‘अगं, पण तूच काल म्हणालीस ना, ह्याला बघायचंसुद्धा नाही?’

‘मला अजून राग आलाय त्याचा. खूप. मी त्याला माझ्या खोलीत झोपू देणार नाही.’ तिने नाक मनगटाला पुसलं. ‘पण ह्यानं मारलं आणि तिथेच बसला. लपवलं नाही काही. मावशींकडे गेला, तर त्या ह्याला परत असंच कुणालातरी देतील.’

‘नाही देणार,’ सूनबाई घाईने म्हणाली. ‘बाळा, शप्पथ. मी ठेवीन त्याला, माझ्याजवळच…’

मुलीने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता, शिव्याशाप नव्हते. दुकानदार एकदा फसला की पुढच्या वेळी त्याच माणसाची नोट उजेडात धरून बघतो, तसं ते बघणं होतं. मग ती बटणला घेऊन आत गेली. बटण एकदा मागे वळला, सूनबाईच्या दिशेने ओढ घेतली, आणि मग ह्या घरात आता काय हुंगायचं आहे ते त्याचं त्यानं ठरवून पुढे चालू लागला.

परसात दोघंच उरली. चष्मेवाल्याने रिकामी टोपली उचलून तिच्या हातात दिली, आतलं पांघरूण नीट घडी करून. तशा माणसाचा हातच तसा.

‘अप्पांना मी सांगू?’ त्याने विचारलं.

‘नाही. मीच सांगते. आता जाऊन सांगते.’

ती दोघं दुकानातून पुढे आली. तो तिच्याआधी दारापाशी गेला आणि त्याने दार उघडून धरलं. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना सूनबाई सवयीने म्हणाली, ‘येते मी.’

त्या दुकानातून कुणीही निघालं, अगदी नुसता भाव विचारून निघालं, तरी तो ‘या’ म्हणायचा. सूनबाई त्या ‘या’ची वाट बघत पायरीवर थांबली. मग तिच्यामागे दार लागल्याचा आवाज आला.